उष्टं ताट

डॉक्टरांनी भागोजीच्या गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात बोट दाबलं आणि ते तिथेच थांबले.

"इथे दुखतं?"

"नाय."

सुपारीएवढी गाठ होती, टणक, जागची न हलणारी. मग त्यांनी त्याचे हात हातात घेतले, फुगलेली बोटांची टोकं न्याहाळली. बोटीने मुंबईला जाऊन काढून आणलेला छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. भागोजीचं लक्ष डॉक्टरांच्या तोंडाकडे नव्हतंच. तो त्यांच्या हातांकडे बघत होता. वर्षभरात त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"थुंकी पुन्हा पुन्हा तपासली. क्षयाचे जंतू नाहीत. संध्याकाळी ताप चढत नाही. भागोजी, हा क्षय नव्हे."

"म्हंजे माजा कुणाला लागत नाय?"

"लागत नाही. पण पुढचं ऐक. फुफ्फुसात गाठ आहे आणि ती वाढतेय. कॅन्सर म्हणतात तिला. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही, मुंबईतही नाही. पुढच्या शिमग्याचं मी काही सांगू शकत नाही."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पण माणसाच्या कानाचं काही खरं नाही, त्यात हवं तेवढंच शिरतं. दवाखान्याच्या पायऱ्या भागोजी जवळजवळ हसत उतरला. लागत नाही! गाडीवाल्यालाही त्याने ते दोनदा सांगितलं, आणि गाडीवाला जरा पुढे सरकून बसला.

वर्षापूर्वी गिरणीतून तो खोकला घेऊन गावी आला, थुंकीतून रक्त पडलं, वैद्यांनी नाडी धरून क्षयाचं नाव घेतलं आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडची खोपी त्याच्या नशिबी आली. क्षयाला शेळीचा सहवास चांगला, म्हणून सोबतीला एक शेळी. तुळसा दोन्ही वेळा गडग्याच्या दगडावर पत्रावळ ठेवी आणि मागे सरके. जेवण झालं की ती पत्रावळ जाळायची. लग्न झाल्यापासून तुळसा त्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. तो शेवटचा भात मुद्दाम मागे ठेवी, ती ताट ओढून घेई. गोष्ट तशी क्षुल्लक. पण खोपीत पडल्यापडल्या त्याचा जीव तुटायचा तो त्या ताटासाठी.

अंगणात थोरला भाऊ धोंडू कोयतीला धार लावत होता.

"क्षय नाय, दादा. डाक्तरान सांगितलान."

धोंडूने मान वर केली. "मग रगत कसला पडता?"

गाठीचं उत्तर भागोजीच्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर घराचं दार उघडलं असतं. पण दारामागे तुळसा चौकट धरून उभी होती, आणि तिचं कपाळ त्याला दिसत होतं. आडवं, ठसठशीत कुंकू.

"खोकून खोकून पडता," तो म्हणाला.

"असा सगळेच सांगतात. घरात पोरा हायत, भागोजी."

धोंडूचं काही चुकलं नव्हतं. तुळसा मात्र एक शब्द बोलली नाही, आणि तेच भागोजीला लागलं. तो खोपीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा घरातून निघाली. बरोबर त्यांची लेक मैना, घट्ट वेणी घातलेली, काखेत बोचकं.

"बाबा, मी मामाकडं राहायला जातंय," मैना लांबूनच ओरडली.

"का गो?"

"आयेला म्हायत."

तुळसाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. लांबून का होईना, पोर रोज दिसत होती. आता तेही गेलं. घर फिरलं की वासेही फिरतात, असं मनाशी म्हणत तो शेळीजवळ बसून राहिला. क्षयवाल्याने निदान आशा तरी करावी. भागोजीकडे तीही नव्हती, आणि हे सांगायलाही कुणी नव्हतं.

दुपारी तुळसा परत आली. गडग्याशी न थांबता ती त्यातलं बांबूंचं बेडं ओलांडून थेट खोपीत शिरली. हातात पत्रावळ नव्हती, त्याचं जुनं पितळी ताट होतं. तिने ते त्याच्यापुढे ठेवलं, भाताचा टोप बाजूला ठेवला आणि समोर बसली.

भागोजी भरभर जेवला. शेवटचा भात त्याने सवयीने मागे ठेवला. तुळसाने ताट ओढून घेतलं, त्यातच आपला भात वाढला, कालवला.

त्याला भरून आलं. "तुला पटला तर!"

"नाय."

"मग?"

"तुमचे रगताचे कपडे मी धुतंय. क्षय नाय ता माज्या मनासाठी सांगितलाव, कळला मला." तिने घास घेतला. "भावोजींना सांगून आलंय. माजी पत्रावळ पण गडग्यावर ठेवा म्हटलंय. पोरीची तेवढी सोय लावायची होती."

शेळी मध्येच ओरडली. भागोजी ताटातल्या तिच्या बोटांकडे बघत होता.

"तुळसा, मैनेला उद्या परत आण."

"येडे झालाव?"

"डाक्तरान आणखी एक सांगितलान."

तिचा हात थबकला. त्याने तो मनगटाला धरून हलकेच ताटाकडे नेला.

"आधी जेव," तो म्हणाला. "मग सांगतो."