डब्याला नकार

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हिल्का ओल्लिकाइनेन बैठकीत 'नाही' म्हणाली.

प्रश्न तसा सुटल्यासारखाच होता. मार्चमध्ये बाजारात येणाऱ्या फोनवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं काम उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरात, कंपनीच्या इमारतीत, वर्षभर चाललं होतं. फोनमधली फ्लॅश मेमरी सांभाळण्यासाठी कोणती फाइल सिस्टीम घ्यायची, तेवढं शिक्कामोर्तब बाकी होतं. कंपनीच्या पद्धतीत प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस असतो आणि त्याच्या होकाराशिवाय तो भाग कारखान्याकडे जात नाही. मेमरीचा भाग हिल्काचा. इतक्या वर्षांत तिने बैठकीत 'नाही' हा शब्द उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तिचा वरिष्ठ टानेली वुओर्मा याने पेन खाली ठेवलं.

"नाही म्हणजे आत्ता नाही, की अजिबात नाही?"

"अजिबात."

"कारण?"

"सोमवारी सांगितलंय. काल परत सांगितलंय."

एवढं बोलून ती गप्प बसली. बाकीचेही बसले. ओउलूत बैठकीतली शांतता कुणाला खुपत नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीतर्फे म्युनिकहून आलेला डिटमार मात्र खुर्चीत चुळबुळ करू लागला.

समोर दोन पर्याय होते. एक कंपनीची स्वतःची, बरीच वर्षं वापरातली फाइल सिस्टीम. तिला सगळे 'जुनी' म्हणत. दुसरी डिटमारच्या कंपनीने चिपबरोबर दिलेली. ती आतून कशी चालते हे बघायची परवानगी नव्हती, सीलबंद मिळाली होती, म्हणून तिचं नाव पडलं 'डबा'. डब्यावर फोन बारा सेकंदांत सुरू व्हायचा. जुनी सुरू होताना सगळी मेमरी पहिल्या पानापासून वाचून काढायची आणि तिला चाळीस सेकंद लागायचे. फोन विकत घेणाऱ्या मोबाइल कंपनीची अट होती वीस सेकंदांच्या आतली. हिल्काला ही अट माहीत होती आणि ती चुकीची आहे असं तिचं म्हणणं नव्हतं.

हिल्का चौपन्न वर्षांची. पुदासयार्वी गावाकडची, वडील रस्त्यावरचा बर्फ सारणारा ट्रक चालवायचे. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामावर लागली आणि तिथून फोनमध्ये आली. तिच्या हाताखालून कितीतरी फोन गेले. चिप बदलायच्या, ऑपरेटिंग सिस्टीम बदलायच्या, वरिष्ठ तर त्याहून वेगाने बदलायचे. तिच्यापुढचा प्रश्न मात्र दर वेळी तोच असायचा: फोन अचानक बंद पडून पुन्हा चालू झाला, तर त्याला काय आठवेल? घरी कुणी विचारलं तर ती 'मेमरीचं काम' एवढंच सांगायची. तांपेरेला राहणारी तिची मुलगी मैत्रिणींना सांगते, आई विसरभोळेपणावर औषध बनवते.

नकाराचं मूळ आदल्या रविवारात होतं. हिल्का आणि तिचा नवरा एन्सिओ हैलुओतो बेटाच्या बाजूला गोठलेल्या समुद्रावर मासळीचं जाळं काढायला गेले होते. एन्सिओ कागद गिरणीतून निवृत्त झालेला. हिल्काने त्याला चाचणीचा एक फोन वापरायला दिला होता, डबा बसवलेला. उणे चोवीस तापमान होतं. एन्सिओने भावाला फोन लावला, बोलणं संपवलं, भावाने सांगितलेला कुणा आर्वी नावाच्या ओळखीच्याचा नंबर साठवायला घेतला, आणि पडदा काळा झाला.

गाडीत हीटरपुढे धरल्यावर फोन चालू झाला. कंपनीची धून वाजली. मग पडद्यावर आलं: 'स्वागत आहे. भाषा निवडा.'

"हा मला ओळखतच नाही," एन्सिओ म्हणाला.

"दे इकडे." तिने बघितलं. नावं, निरोप, फोटो, काही नव्हतं. "गेलं सगळं."

"आर्वीचा नंबर गेला ते एक बरं झालं. पण झालं काय?"

"थंडीत बॅटरी एकदम बसते. बसली ती नेमकी हा लिहीत असताना. फ्लॅशमध्ये खोडून त्याच जागी लिहिता येत नाही, अख्खा तुकडा पुसावा लागतो. म्हणून शहाणी सिस्टीम नवं दुसरीकडे लिहिते, ते नीट बसलं की मग जुनं पुसते. हा डबा आधी पुसतो. कुठलं काय कुठे ठेवलंय त्याची यादीसुद्धा."

एन्सिओने थर्मासचं झाकण फिरवलं.

"म्हणजे दोरी न बांधता जाळं ओढलं."

"तेच."

बर्फाखालचं जाळं दोन भोकांमध्ये ताणलेलं असतं. एका भोकातून ते बाहेर ओढताना दुसऱ्या टोकाला लांब दोरी बांधतात. मासे काढून झाले की त्याच दोरीने जाळं परत बर्फाखाली जातं. दोरी विसरली की जाळं हातात, आणि खाली नुसतं पाणी. मग नव्याने भोकं पाडत बसा.

"हे माणूस पहिल्या हिवाळ्यात एकदा करतो," एन्सिओ म्हणाला. "पैसे घेऊन कोण करतं?"

सोमवारी हिल्काने चाचणीच्या दहा फोनांवर तोच प्रसंग पुन्हा घडवला. इमारतीमागच्या सायकलींच्या छपराखाली उभी राहून तिने एकेका फोनवर नाव साठवलं. डबा बसवलेल्यांपैकी तीन फोनांनी भाषा विचारली. जुनी बसवलेल्या फोनांपैकी काही बंद पडले, पण चालू झाल्यावर एकही काही विसरला नाही. हे तिने टानेलीला सांगितलं. बुधवारी डिटमार आल्यावर त्यालाही.

आता गुरुवारच्या बैठकीत डिटमारने घसा साफ केला. त्याच्यासाठी बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

"तुमच्या स्वतःच्या शीतकक्षात आमची सिस्टीम पास झालीय. उणे तीसला. निकाल तुमचेच आहेत."

"शीतकक्षात फोन तारेवर चालतो," हिल्का म्हणाली. "बॅटरी काढून ठेवलेली असते. तिथे थंडी फोनला वाजते, बॅटरीला नाही."

कुणीतरी कागदावर काहीतरी लिहिलं. शीतकक्षाची ती पद्धत याच खोलीत ठरली होती, आणि तेव्हा हिल्काही हजर होती.

"लोक फोन खिशात ठेवतात," डिटमार म्हणाला.

"बोलताना काढावा लागतो."

"बॅटरी काढणं, बॅटरी पडणं, हा वापरणाऱ्याचा दोष धरला जातो. सगळीकडे. तरीही आम्ही जूनमध्ये सुधारित आवृत्ती देतोय."

"मग जूनमध्ये मी हो म्हणेन."

टानेलीने तिला विचारलं, बॅटरी अर्धी झाल्यावरच फोन बंद केला तर? ती म्हणाली, मग हिवाळाभर लोक अर्धा फोन वापरतील. तिचा स्वतःचा तोडगा होता: नावं आणि निरोप जुनीत ठेवायचे, गाणी आणि फोटो डब्यात. जुनीचा वाटा लहान राहिला की तीही लवकर सुरू होते. टानेलीने नकारार्थी मान हलवली. दोन सिस्टीम म्हणजे दोनदा चाचण्या, म्हणजे सहा आठवडे. सहा आठवडे नव्हते. त्याचं गणित बरोबर होतं.

मग हिल्का फिनिशमध्ये बोलली.

"टानेली, तू हैलुओतोचा. दोरी न बांधता जाळं ओढशील?"

टेबलाच्या कडेला बसलेल्या, त्यांच्याच गटातल्या जोनाटान केस्तीच्या नाकातून हसू निसटलं. टानेलीचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या त्या?" डिटमारने विचारलं.

"मासेमारीबद्दल आहे," टानेली म्हणाला. "जेवू या."

गुरुवार होता, म्हणजे कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. हिल्काने सुपात मोहरीचा सॉस घातला आणि एकटीने खाल्लं. तिच्या टेबलावर कुणी आलं नाही. रोजही फारसं कुणी येत नसे, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

जेवणानंतर टानेलीने तिला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"पुढच्या महिन्यात नोकरकपातीची बोलणी सुरू होतायत, माहितीये ना?"

"सगळ्यांना माहितीये."

"मी धमकी देत नाहीये, हिल्का."

"मग हवापाण्याबद्दल बोल."

तो खुर्चीत मागे टेकला. "तुझं म्हणणं खोटं नाही. पण फोन मार्चमध्ये गेला नाही तर मोबाइल कंपनी दुसरीकडे जाईल, आणि हा अख्खा मजला रिकामा होईल. तू एकटी नाही, सगळे. मला ते बघावं लागतं."

"तू ते बघ. मी हे बघते."

"एक तडजोड कर. होकार दे, खाली तुझा आक्षेप लिही. जसाच्या तसा ठेवतो मी."

"आक्षेप कारखान्यात वाचत नाहीत. होकार वाचतात."

"मग मला तुझ्याकडून हा भाग काढून घ्यावा लागेल."

"घे की. तुझा अधिकार आहे तो. पण माझ्या नावावर जाणार नाही हा फोन."

"तुला वाटतं दुसरा कुणी हो म्हणणार नाही?"

"मला काहीच वाटत नाही, टानेली. मी माझ्यापुरतं सांगितलं."

ती उठली, खुर्ची सरकवून जागेवर लावली आणि बाहेर पडली. दार तिने उघडंच ठेवलं, म्हणून टानेली बराच वेळ काही न करता बसून होता हे मजल्यावरच्या सगळ्यांना दिसलं.

तीन वाजता सर्वांना मेल आली. मेमरीचा भाग जोनाटान केस्तीकडे गेला होता. हिल्का यापुढे जुन्या फोनांच्या तक्रारी बघणार होती. जोनाटान पस्तिशीचा. फोन बारा सेकंदांत सुरू करून दाखवणारा माणूस तोच, त्याची वर्षभराची मेहनत डब्यावर उभी होती. केंपेलेला त्याने नुकतंच घर बांधायला काढलं होतं. हो म्हणायला त्याच्याइतकं कारण कुणाकडे नव्हतं, म्हणूनच टानेलीने त्याला निवडलं असावं.

तो हिल्काच्या टेबलाशी आला. ती ड्रॉवर रिकामे करत होती.

"मी हे मागितलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहितीये."

"तू हसतेयस का?"

"नाही. सकाळी तू हसलास."

"जाळ्याचं ऐकून हसलो. आमचे आजोबा शिव्या घालायचे त्यावरून. पण तुझ्या जुनीमुळे माझं अख्खं वर्ष वाया गेलं असतं, हे खरं आहे."

"खरं आहे."

"मला पटवणार नाहीस?"

"सोमवारी पटवत होते तेव्हा तू हेडफोन लावून बसला होतास. आता होकार तुझा आहे. मी हात धरणार नाही आणि ढकलणारही नाही."

तिने चाचणीचे फोन त्याच्याकडे सरकवले आणि आपली कपबशी घेऊन खिडकीजवळच्या जागेवर गेली.

शुक्रवारी सकाळी टानेलीने जोनाटानला एकदा विचारलं, दुपारी पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, बघतोय. अडीच वाजता डिटमार विमानतळाकडे निघाला. निघताना टानेलीला म्हणाला की होकार आज संध्याकाळपर्यंत यायला हवा, सोमवारी कारखान्याची वेळ राखून ठेवलीय. हिल्का एका जुन्या फोनच्या तक्रारीला उत्तर लिहीत होती. तिने वर बघितलं नाही.

साडेतीनला जोनाटान तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत गेला. तिथे सिगारेट ओढणारे जातात. तो ओढत नाही. काचेबाहेरचा तापमापक उणे एकोणीस दाखवत होता. त्याच्या हातात चाचणीचा फोन होता, तारेवर नाही, बॅटरीवर चालणारा, हातमोजे दातांत धरलेले. काचेतून दिसत होतं की तो अंगठ्याने काहीतरी टाइप करतोय, थांबतोय, पुन्हा टाइप करतोय. एकदा त्याने फोन ऊब द्यायला कोटाच्या आत, काखेत धरला आणि पुन्हा बाहेर काढला.

चार वाजेपर्यंत मजला बराचसा रिकामा झाला. टानेली आपल्या खोलीत होता. होकार आला नव्हता, आणि जोनाटान अजून बाहेर होता.