दोनशेवीस व्होल्टवर लावलेली इस्त्री

प्यो जोंगदालचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आन्दोंगच्या बाजारगल्लीत होतं, आणि दुकानापेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं. त्या वर्षी वीज कंपनीची माणसं येऊन गल्लीतले एकशेदहा व्होल्ट दोनशेवीस करून गेली. मग काय, ज्याच्या घरात जुनं यंत्र तो जोंगदालच्या दारात! माझा पंखा जळेल का, माझा रेडिओ उडेल का. जोंगदाल कानावरची पेन्सिल काढी, खोक्याच्या पाठीवर आकडेमोड करी आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल देई.

व्होल्ट उतरवून देणारे ट्रान्सफॉर्मर बाजारात औषधालाही मिळत नव्हते. त्याच्या घरात एक होता, आईच्या जुन्या इस्त्रीसाठी ठेवलेला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो रेकॉर्ड प्लेअरसाठी मागितला, आणि हा पठ्ठ्या मोठेपणा मिरवत देऊन मोकळा झाला.

"अरे, आणि माझी इस्त्री?" आई म्हणाली.

आई ऐंशीला टेकलेली. माहेरच्या गावावरून सगळी गल्ली तिला इम्हावाली म्हणे. त्या वर्षी अधिक महिना आला होता, आणि अधिकात म्हाताऱ्या माणसाचे शेवटचे कपडे शिवून ठेवले की आयुष्य वाढतं, म्हणून ती स्वतःचेच शिवत होती. दोऱ्याला एकही गाठ न मारता, कारण गाठ मारली की जाणाऱ्याचा पाय अडकतो. तागासारखं ते पिवळसर कापड तिनेच विणलेलं होतं. रोपाची साल नखांनी चिरायची, तिचे धागे उघड्या गुडघ्यावर वळून जोडायचे. दोन हिवाळे गेले होते त्यात. डोळे अधू होत चालले होते. असं कापड पुन्हा तिच्या हातून होणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि जोंगदाललाही.

"अगं, तुझ्या इस्त्रीवर काय लिहिलंय? दोनशेपंचाहत्तर वॅट," तो म्हणाला. "वॅट म्हणजे तिची ताकद. ती काय बदलणारे? भागिले दोनशेवीस. सव्वा अँपिअर! आधी अडीच खेचायची, आता निम्मीच. उलट जरा कमीच तापेल. जास्त वेळ ठेव हवं तर."

"आधी चिंधीवर लावून बघू का?"

"आई, तीस वर्षं काय मी माश्या मारतोय इथे? लाव बिनधास्त."

ओहम, म्हणजे तारेचा अडथळा, मोजायचा मीटर त्याच्या हाताशी पडला होता. एका मिनिटाचं काम. पण आईने शंका घेतली ना, मग कशाला मोजेल तो!

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जळका वास आला. जोंगदाल मागच्या खोलीत धावला. तिने शिवलेल्या त्या अंगरख्याच्या बाहीवर इस्त्रीचा अख्खा छाप, मधोमध आरपार भोक. आई बाही मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

पाठोपाठ टोफूवाली आत डोकावली. "अगंबाई! इम्हावाली, डुलकी लागली होय गं?"

"लागली असेल बाई," आई म्हणाली. "मला तर आठवत नाही. पण जोंगदाल म्हणाला होता, ही कमीच तापेल. म्हणजे मीच फार वेळ ठेवली."

जोंगदालने इस्त्री उचलून दुकानात नेली. गार झाल्यावर मीटर लावला. चव्वेचाळीस ओहम. इस्त्रीतली तार तीच, तिचा अडथळा तोच. दोनशेवीस भागिले चव्वेचाळीस म्हणजे पाच अँपिअर. पाच गुणिले दोनशेवीस म्हणजे अकराशे वॅट! चौपट. बदलत नाही ते वॅट नव्हे, ओहम. पहिल्या धड्यातली गोष्ट, आणि तीस वर्षांत ती त्याच्या टाळक्यात शिरली नव्हती.

त्याने ज्यांना ज्यांना असा सल्ला दिला होता त्यांच्या घरी तो त्याच दुपारी धावत गेला. "कंपनीचा नवा नियम आलाय, तापणारं काहीही तसंच लावू नका," असं सांगून त्याने स्वतःची लाज झाकली. गल्ली वाचली. आईला मात्र त्याने काहीच सांगितलं नाही. आज नको, उद्या सांगू. उद्या दुकानात गिऱ्हाईक असे. परवा तिचं डोकं दुखत असे. अरे, सांगायला लागतात किती शब्द? चार! तेवढेही या बडबड्याच्या तोंडून निघाले नाहीत.

आईने इस्त्री सोडली, मग सुईही. "माझ्या हातांचा आता भरवसा नाही," असं म्हणत तिने चुलीपाशी बसणं बंद केलं. पणतू झाला, नातसुनेने तिच्या मांडीवर द्यायला आणला, तर ती मागे सरकली. "नको गं, माझा डोळा लागेल नि पाडीन त्याला." जोंगदाल दारात उभा होता. ते त्याने ऐकलं, आणि दुकानात जाऊन कोणाचा तरी रेडिओ उघडून बसला.

दोन वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी तो तिला पेज भरवत होता. तिने त्याचं मनगट धरलं.

"जोंगदाल, एक विचारू? त्या दिवशी मला खरंच डुलकी लागली होती का रे? मी किती आठवून पाहिलं. मला वाटतं, मी जागीच होते."

ती त्याच्याकडे बघत होती.

"लागली असेल गं आई," तो म्हणाला. "वय झालं ना."

"तसंच असेल," ती म्हणाली आणि पेजेसाठी तोंड उघडलं. "तुझा हिशोब कसा चुकेल?"