आन्स कोकोची दहावी यादी

आमच्या घराने आन्स कोकोच्या किनाऱ्यावरच्या सहलीची आखणी आजवर दहा वेळा केली. इतर घरं एकदा आखतात आणि जाऊन येतात.

पहिल्या नऊ वेळा ती माझ्या टांटीने केली. टांटी इग्नेशिया म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझे आजोबा, ज्यांना सगळं गाव पपा म्हणायचं, इथे विंडवर्ड गावाच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधत होते. एकदा अर्धवट होडीच्या सांगाड्यावरून पडले, कंबर मोडली आणि पुढची नऊ वर्षं खाटेवर काढली. दर वर्षी ईस्टर झालं की म्हणायचे, "इग्नेशिया, या खेपेला मला आन्स कोकोला ने." तिथल्या उतारावरची वाकडी लाकडं तोडून त्यांनी साठेक होड्यांच्या फासळ्या केल्या होत्या, पण तिथल्या पाण्यात कधी पाय घातला नव्हता. कामाला गेलेला माणूस पोहत बसत नाही.

मग टांटी यादी करायची. होडी कुणाची, पपांना उचलायला कोण, सावलीला कुठलं शीड. आणि मग एखादा पाऊस, एखादा ताप, एखादं इंजिन किंवा दुसऱ्याच कुणाचं मरण आडवं यायचं. त्या नऊ याद्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. पाचव्या यादीत 'पपांची छत्री' दोनदा लिहिली आहे. जानेवारीत पपा गेले तेव्हा छत्रीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती.

त्यानंतर टांटी खाटेशेजारच्या खुर्चीत बसली ती बसलीच. सकाळी दहाला ती खिडकी उघडायची. बाराला उशी उलटी करायची. तीनला पेल्यातलं पाणी बदलायची. खाट रिकामी आहे हे तिला माहीत होतं. मी एकदा सांगूनही पाहिलं होतं. फाटकाच्या बाहेर मात्र ती चार महिन्यांत एकदाही गेली नाही. माझे आईवडील ब्रुकलिनहून फोन करायचे आणि मला म्हणायचे, ऑरिन, तिला जरा बाहेर काढ. जणू काही मी तिला आत ठेवलं होतं.

म्हणून मे महिन्यात मी खोटं बोललो.

आमच्या बेटावर मेलेल्या माणसाला काही हवं असलं तर तो स्वप्नात येऊन मागतो. कुणी कोंबडं मागतं, कुणी कबरीवरचा दगड. मागितलेलं द्यावं लागतं, आणि त्या माणसाच्या नावाचं एक ताट वाढून बाजूला ठेवावं लागतं, ज्याला जिवंतांनी हात लावायचा नसतो. ही सगळी व्यवस्था गावात मा क्लेमेन्सिया बघतात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांना हसताना पाहिल्याचं कुणी शपथेवर सांगत नाही. स्वप्न पडलं की त्यांना सांगायचं. त्या तीन गोष्टी विचारतात: अंगात काय होतं, काय मागितलं, कुणाकुणाचं नाव घेतलं. सांगून झालं की त्या उंबऱ्यावर पाणी ओतून जमीन ओली करतात. त्यानंतर स्वप्नात एक शब्दही घालता येत नाही.

आमच्या ओसरीवर बसून मी सांगितलं की पपा आले होते, अंगात निळा सदरा होता, आन्स कोकोला न्या म्हणाले. काय मागितलं, या प्रश्नाची मी चांगली तयारी केली होती. तळलेले मासे, तेही लहान, डोक्यासकट. मक्याच्या पिठाचा कुकू. ओली तूर घातलेला भात. नारळाच्या दुधातलं अळू. डोळ्यांतून पाणी काढणारी रम. पपांना अळू आवडत नसे, मला आवडतं. मा क्लेमेन्सियांनी माझ्याकडे पाहिलं, पण मरणाने माणूस बदलतो असं मानून त्या पुढे गेल्या.

नावं मी ओघात घेतली. ऑस्रिक, कारण होडी त्याची. त्याची बायको लिटा, कारण तिच्याशिवाय तो वेळेवर निघत नाही. पपांच्या हाताखालचे तिघे म्हातारे सुतार. मा क्लेमेन्सिया, कारण त्या समोर बसल्या होत्या. आणि मी. मा क्लेमेन्सियांनी पाणी ओतलं.

तेव्हा मला दारात टांटी दिसली. हात पुसत उभी होती. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

मी तिला विसरलो होतो. ज्या बाईला घराबाहेर काढायला हे सगळं रचलं, तिचंच नाव राहिलं. घरातल्या सामानाची यादी करताना घर लिहायचं राहावं तसं. मी तोंड उघडलं, पण उंबऱ्यावरून पाणी पायरीवर आणि पायरीवरून मातीत गेलं होतं.

"सात जणांचा स्वयंपाक," टांटी म्हणाली, "आणि पपांचं ताट." आणि आत गेली.

तीन दिवसांनी मी मा क्लेमेन्सियांच्या घरी दुसरं स्वप्न घेऊन गेलो. त्यात पपा फक्त टांटीचंच नाव घेत होते, चार-पाच वेळा. मा क्लेमेन्सिया तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"मेलेला माणूस सदरा बदलतो," त्या म्हणाल्या, "आवाज बदलत नाही. आज तू तुझ्याच आवाजात सांगतोयस, ऑरिन."

मग त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. उरलेल्या शेंगा मी सोलल्या.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात नाही. पपा खरोखरच लोकांच्या स्वप्नात यायला लागले. ऑस्रिकच्या स्वप्नात त्यांनी होडीच्या बुडाला टिचक्या मारल्या आणि डाव्या बाजूची तिसरी फळी कुजली आहे असं सांगितलं. ऑस्रिकने सकाळी पाहिलं तर फळी उत्तम होती, पण त्याने ती बदलली. पपांशी कोण वाद घालणार. लिटाला त्यांनी विचारलं, अजून निघाला नाहीत का. तिघा सुतारांच्या स्वप्नांत ते एकाच रात्री गेले आणि तिघांनाही तुझं काम चांगलं होतं असं म्हणाले, जे जिवंतपणी त्यांनी एकालाही म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं खाटेवर काढलेला माणूस आता गावभर फिरत होता. एकच घर सोडून.

टांटीने सगळं करून पाहिलं. लवकर झोपली. उशाशी पाण्याचा पेला ठेवला. त्यांचा निळा सदरा अंगात घालून झोपली. सकाळी मी काही विचारायच्या आत ती चूल पेटवायची आणि माझ्याकडे पाठ करून सांगायची की वारा चांगला आहे, शनिवारपर्यंत टिकला पाहिजे.

सहलीची आखणी मात्र तिनेच केली. दहावी यादी तिच्याच अक्षरात आहे. सगळं होतं तिच्यात: मासे कुणाकडून, कुकू ढवळायला कुठलं लाकडी वल्हं, बर्फ, काडेपेटी दोन. छत्री एकदा. मी एकदा म्हटलं, टांटी, तूही चल की, कोण अडवणार आहे. ती म्हणाली, "नऊ वर्षं मी नेलं नाही. आता ते मला नेत नाहीत. यात चुकीचं काय आहे?" हे तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मला काही सुचलं नाही. मला नेहमी काहीतरी सुचतं. तीच माझी अडचण आहे.

शुक्रवारी जागांवरून ऑस्रिक आणि मा क्लेमेन्सिया यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. होडी आठ जणांची. पपांची जागा मोकळी सोडायची यावर मा क्लेमेन्सिया ठाम होत्या. ऑस्रिक म्हणाला, सोडतो, पण आठ म्हणजे आठ, मेलेला माणूसही मोजला जाईल, आणि मोजला तर त्याला तरंगायचं जॅकेटही घालावं लागेल, कारण तटरक्षकांची बोट अडवते तेव्हा ती कुणाचं काही ऐकत नाही. मा क्लेमेन्सियांनी यावर विचार केला. पपांना बुडायची भीती नाही, त्या म्हणाल्या, पण नियम तो नियम. रिकाम्या फळीवर नारिंगी जॅकेट बांधण्यात आलं. पट्टे लिटाने आवळले.

शनिवारी सकाळी सहाला टांटी स्वयंपाकघरात पपांचं ताट बांधत होती. लाल कडेचं, एनॅमलचे टवके उडालेलं. मासे, कुकू, भात, आणि कडेला पपांना न आवडणारं अळू. वर स्वच्छ फडकं. तिची गाठ नीट बसेना. सोडून पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा मी बोललो.

"टांटी, पपा माझ्या स्वप्नात आले नव्हते."

"कधी?"

"कधीच. मी रचलं होतं."

तिचे हात थांबले. "मासे?"

"मला खायचे होते."

"अळू?"

"तेही."

ती पिठाच्या पिंपावर बसली. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, म्हणून मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. बाहेर ऑस्रिक इंजिन चालू करून पाहत होता.

"म्हणजे बाकीच्यांना बोलावलं आणि मला सोडलं, असं झालंच नाही," ती म्हणाली.

"नाही. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही."

"ऑस्रिकला?"

"त्याचं त्याला विचार."

"त्याच्या स्वप्नात तर त्याची मेलेली बकरीसुद्धा येते." मग ती हळू बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, फडक्याशी. "पाच आठवडे मी शोधत होते, कुठली गोष्ट असेल. एकदा आंघोळीचं पाणी फार गरम झालं होतं. एकदा त्यांनी हाक मारली आणि मी दाराबाहेर उभी राहिले, मुद्दाम, शंभर मोजेपर्यंत. एकदा म्हटलं होतं, आता पुरे झालं, पपा. सगळं आठवून ठेवलं मी. त्याचीही यादी झाली." तिने वर पाहिलं. "का केलंस हे?"

"तू त्या खुर्चीतून उठावंस म्हणून."

"मग माझं नाव का नाही घेतलंस, गाढवा?"

"विसरलो."

"मासे आठवले. डोक्यासकट."

"हो."

तिने फडक्याची गाठ मारली. या वेळी ती बसली. मग तिने खुंटीवरची चर्चची टोपी घेतली, छत्रीवरची चिठ्ठी दाताने तोडली, आणि मला दिवसभराची कामं सांगितली.

धक्क्यावर सगळे आपापल्या जागी बसले होते. टांटी म्हणाली, ऑरिन येत नाही, त्याच्या जागी मी. मा क्लेमेन्सियांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जास्त वेळ.

"त्यांनी तुझं नाव घेतलं?"

"नाही," टांटी म्हणाली. "कुणाचंच घेतलं नाही."

ऑस्रिक पाण्याकडे पाहू लागला. तिघे सुतार आपल्या हातांकडे पाहू लागले. तुझं काम चांगलं होतं, हे वाक्य त्यांना परत करायचं नव्हतं.

"मग आपण सगळेच बिनबोलावलेले," मा क्लेमेन्सिया म्हणाल्या. "बस. कुकू गार होतोय."

टांटी नारिंगी जॅकेटशेजारी बसली. ताट मांडीवर, छत्री उघडलेली. होडी किनाऱ्याच्या टोकाला वळेपर्यंत मला दिसत होतं की छत्री तिने स्वतःवर धरलेली नाही, शेजारच्या जागेवर धरली आहे.

मी घरी येऊन खुर्चीत बसलो. दहाला खिडकी उघडली. ती खुर्ची अतिशय वाईट आहे. तिचा एक पाय आखूड आहे आणि माणूस सतत खाटेकडे कलत राहतो. बाराला उशी उलटी केली. खालची बाजू गार होती. मी तळहात तिच्यावर ठेवून बघितला आणि ती पूर्ण गरम होईपर्यंत तिथेच ठेवला. पपांना मी सांगितलं की अळूबद्दल माफ करा. तीनला पाणी बदललं. मध्ये मी थोडा वेळ झोपलो, प्रयत्न करून. कुणी आलं नाही.

पाचच्या सुमारास फाटक वाजलं. टांटी आत आली नाही. पायरीवर बसली, बूट काढले आणि एकेक उपडा करून झटकला. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिच्या पायांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडतात तशा. घागरा कडेपासून गुडघ्यापर्यंत ओला होता.

"खिडकी?"

"उघडली."

"उशी?"

"केली."

"कुणी आलं होतं?"

"नाही."

"तिथेही नाही," ती म्हणाली. "मी खडकावर बसून वाट पाहिली. मग पाण्यात गेले."

तिने ताट माझ्या मांडीवर ठेवलं. गाठ तीच होती, सकाळची. मी म्हणालो, हे जिवंतांनी खायचं नसतं. ती म्हणाली, ज्याने मागितलं त्याने खावं, मा क्लेमेन्सियांना विचारलंय. आत जाऊन कपडे बदल, मी म्हणालो, आणि ती म्हणाली, बसते जरा इथेच, वारा बरा आहे.

मी मासे खाल्ले, डोक्यासकट. गार झाले होते आणि त्यांना वाळू लागली होती. आन्स कोकोची वाळू बारीक आहे. मी एकही कण थुंकला नाही.