इरिडियमचा फोटोवाला

पहारेकरी धोक्याच्या हद्दीच्या दोरीपाशी थांबून ओरडला, "फोटोवाले, दवाखान्यातून फोन होता. वहिनी... वहिनी गेल्या हो. डोक्यातली शीर फुटली म्हणे. टाका ते हातातलं, चला!"

त्याने हातातले टाकले नाही. टाकता येण्यासारखे नव्हतेच. समोर पाइपाच्या जोडापाशी किरणोत्सारी इरिडियमचा दाणा पेटीबाहेर निघालेला होता, तांदळाएवढा. त्याची किरणे पोलादातून आरपार जात आणि मागच्या फिल्मवर वेल्डिंगमधली बारीकशी चीरही उमटे. पण दाणा उघडा टाकून माणूस निघून गेला, तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी हातापायांचे वाटोळे ठरलेले.

त्याने हँडल फिरवून दाणा पेटीत ओढला. किरणे मोजायचे मीटर घेऊन पेटीपर्यंत चालत गेला, काटा खाली आल्याचे पाहिले, कुलूप लावले, वहीत सही केली. सही नेहमीसारखी आली, याचे त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिले. मग तो धावला.

दवाखान्याच्या दारातच मोठ्या मेहुणीने गाठले. "आत्ता आलात, भाऊजी? बायको गेली तरी तुमचं हँडल सुटेना!"

"सोडलं असतं तर आणखी एका घरात रडारड झाली असती," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी मेहुणी त्याच्या लेकीची बॅग भरायला आली. तेरा वर्षांची लेक भिंतीला टेकून उभी होती.

"या घरात किरणं भरलीत. तुमच्या कपड्यांतून आलीत. तेच कपडे धुऊन धुऊन माझी बहीण गेली. आता पोर तरी वाचू द्या, माझ्याकडे नेते तिला."

"किरणं कपड्यांना चिकटत नाहीत, ताई. दिवा मालवल्यावर उजेड कधी शर्टाला चिकटून घरी आलाय?"

"मोठे आलात शिकवणारे! अख्खी गल्ली बोलतेय."

गल्ली आधीही बोलायची. म्हणून बायको त्याचा युनिफॉर्म मुद्दाम लेकीच्या फ्रॉकांबरोबर धुवायची आणि पुढच्या दारी वाळत घालायची. "बोलू दे. तोंड त्यांचं, दोरी माझी." तिची तक्रार एकच होती. "दुनियेच्या पाइपांचे फोटो काढता, आपल्या तिघांचा मात्र एक नाही." तो म्हणे, "येत्या रविवारी स्टुडिओत जाऊ." रविवारी कुठेतरी पाइप फुटलेला असे.

"उद्या या," तो मेहुणीला म्हणाला. "मोजून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे अर्ज देऊन त्याने मीटर घरी आणले. पेटी नाही, नुसते मीटर. बायकोच्या उशीवर धरले. टिक. टिक टिक. टिक.

मेहुणी दोन पावले मागे सरली. "वाजलं! बघा, वाजलं!"

चूक त्याचीच होती. बावीस वर्षांत त्याच्या कानाला ती टिकटिक म्हणजे शांतता वाटू लागली होती. इतरांना ती ऐकू येईल, हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

"हे सगळीकडे वाजतं, ताई. मातीत असतं, आभाळातून येतं."

"पुरे झाली सारवासारव."

तिने एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हातात लेकीचे मनगट. तो मीटर घेऊन मागोमाग निघाला. गल्लीभर बायका दारात आल्या. शेजारणीच्या उंबऱ्यावर टिक टिक, शाळेच्या भिंतीपाशी टिक टिक. त्याने मान खाली घातली नाही. मेहुणीच्या घरात न विचारता शिरला आणि तिच्या नव्या तांबूस ग्रॅनाइटच्या ओट्यावर मीटर ठेवले.

टिकटिक भराभर वाजू लागली.

मेहुणीचा चेहरा उतरला. "रोज पुसते हो मी तो!"

"पुसून जात नाही. दगडातच असतं. आणि त्यानं काही होतही नाही, खुशाल स्वयंपाक करा. पण मग माझ्या घराला नावं ठेवू नका."

ती स्टुलावर बसली. "मग ती कशानं गेली, भाऊजी?"

"शीर फुटली. कुणी फोडली नाही."

मेहुणीने पदर तोंडाला लावला. आता तिला दोष द्यायला कुणी उरले नव्हते. त्यालाही नव्हते.

"मावशी," लेक म्हणाली, "बॅग दे."

घरी आल्यावर त्याने युनिफॉर्म आणि लेकीचे फ्रॉक एकाच बादलीत भिजवले. पुढच्या दारी दोरीवर घातले. समोरच्या बाईने खिडकी लावून घेतली. त्याने शर्ट आणखी थोडा तिच्या बाजूला सरकवला आणि चिमटा लावला. लेक हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी त्याने मीटर परत केले, सही केली, पेटी उचलली आणि कामाला लागला.

आजवर त्याने चाळीस हजार जोडांचे फोटो काढले असतील. तिघांचा काढायचा राहिला.