चौकटीवरचा पंजा

आमचे आप्पा काजूच्या कारखान्यात भट्टीवर होते. गर डब्यात भरून मुंबईला जायचे आणि टरफलं भट्टीत जळायची. आप्पांचा जीव त्या टरफलांसाठी तुटायचा. मालकाला विचारून ते टरफलं घरी आणू लागले आणि परसात मडक्यात तापवून त्यांचं काळं, चिकट तेल काढू लागले. नांगराला लावलं, गोठ्याच्या वाशांना लावलं. वाळवी पुन्हा तिकडे फिरकली नाही. आई म्हणायची, "आता मलाच लावायची बाकी ऱ्हायलीय."

त्र्याऐंशी साली शिमगा सरल्यावर हातखंब्याचे लोक मला बघायला येणार होते. दाराची चौकट वाळवीने खाल्लेली. पाहुण्यांना ते दिसू नये म्हणून आप्पांनी आदल्या दिवशी तिला तेलाचा हात दिला. एवढ्यात ते सुकत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण लेकीचं लग्न म्हटल्यावर त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं.

मुलाचं नाव शिवा. वहाणा काढताना तो चौकटीला धरून उभा राहिला. मी चहा घेऊन आले तेव्हा तो हात हळूच पँटला पुसत होता. मला वाटलं, बावरलाय बिचारा. पाहुणे गेल्यावर आईला चौकटीवर उमटलेला पंजा दिसला आणि घरात कुणी जेवलं नाही. हे तेल अंगाला लागलं की बिब्बा उततो तसे फोड येतात.

"पोरीचा लगीन मीच मोडला," आप्पा म्हणाले. ते माफी मागायला निघाले होते, आईने अडवलं.

आठवड्याने शिवा एकटाच आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. आप्पा उठून उभे राहिले.

"घरात कोनाला म्हाईत नाय," तो म्हणाला. "वले काजू फोडायला गेलो होतो, असा सांगितलाय. तुमी पन तेवढाच सांगा." मग चौकटीकडे बघत म्हणाला, "आमच्याकडंपन वाळवी हाय. येक डबा द्याल? लावायला मात्र तुमी येव नका."

आप्पा हसले आणि डोळे पुसायला आत गेले. मी खोबरेल घेऊन बाहेर आले. त्याच क्षणी मला हा माणूस फार आवडला. फडकं मीच सोडलं, तेलही मीच लावलं, आणि आईने मला हाक मारली नाही.

आप्पांनी ती चौकट पुन्हा कधी रंगवली नाही. आता ते नाहीत. माहेरी गेलो की हे अजून दारात थबकतात.

"सुकली असंल आता," मी म्हणते.

"तुज्या आप्पांचा काय भरवसा नाय," हे म्हणतात, आणि त्याच पंजावर हात टेकून वहाणा काढतात.