अर्धचंद्राची रिकामी खाच

मित्रांनो, मी लाकडाचा पाट आहे, जुना आहे आणि माझ्या अंगात दहा खाचा आहेत. गोल, चौकोन, चांदणी, अर्धचंद्र असे दहा ठोकळे त्यांत बसवायचे असतात. नगरच्या सुताराने मला घडवले, तेव्हा त्याला मी खेळणेच वाटलो. मलाही तसेच वाटले. पण मला नेले सरोजिनीबाईंनी. मतिमंद माणसांची तपासणी हे त्यांचे काम. समोरच्याने किती ठोकळे बसवले ते पाहायचे, घड्याळ पाहायचे आणि कागदावर आकडा लिहायचा. "पाट कधी खोटं बोलत नाही," असे लोक म्हणत. मी फुगून जाई.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात आम्ही काष्टीला गेलो. गोरक्षनाथ नावाच्या शेतकऱ्याने बहिणीसाठी अर्ज केला होता. रंगुबाई पंचविशीची, पण लहानपणापासून समज कमी. गोरक्षनाथ आणि त्याची बायको दिवसभर रानात, ही घरी एकटी. महिन्यापूर्वी चुलीपाशी तिचा पदर पेटला होता.

"पुन्याच्या संस्थेत ठिवा तिला," तो म्हणाला. "हितं एखांद्या दिशी जळून मरंल." त्याचे डोळे भरले होते. तिने घरी राहायचे की जायचे, ते माझ्या आकड्यावर ठरणार होते.

रंगुबाई समोर येऊन बसली. नवे लुगडे, डोक्यावर पदर, मान खाली. बाईंनी ठोकळे बसवायला सांगितले. ती हलली नाही. पुन्हा सांगितले, तरी नाही. माझ्या दहाही खाचा रिकाम्याच राहिल्या आणि बाईंनी शून्य लिहिले. मी गोंधळलो, कारण ती चोरून ठोकळ्यांकडे बघत होती.

तेवढ्यात भावजय मालनबाई रडतच पुढे आली. "बाई, चूक माजी हाय. तुमी बघायला येनार म्हनून मीच शिकवलं तिला. मान वर करायची न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई."

म्हणजे मुलगी दाखवतात तसे! पण मुलगी पसंत पडली की नेतात. इथे पसंत पडली तर घरीच ठेवून जातील, अशी मालनबाईची समजूत. माझे तर डोकेच चालेना.

"आन् बाईंनी दोनदा सांगितलं, त्याचं काय?" गोरक्षनाथ म्हणाला.

"तोंड दिसल्याबिगर तिला उमगतंय व्हय?" मालनबाईने नणंदेची हनुवटी वर केली.

बाईंचे पेन थांबले. त्यांनी रंगुबाईच्या मागे जाऊन टाळी वाजवली. ती जागची हलली नाही. मग त्यांनी तिचे कान पाहिले. दोन्ही वाहत होते.

"किती वर्षं झाली?"

"ल्हानपनापासनं. पन कान तर समद्याच पोरांचं वाहत्यात," गोरक्षनाथ म्हणाला.

बाई समोर बसल्या, तोंड दाखवून सावकाश बोलल्या. रंगुबाईने सात ठोकळे बसवले. तीन काही केल्या जमले नाहीत. समज कमी होती, हे खरेच. पण शून्यही खोटे होते, आणि ते माझ्याच तोंडून गेले होते. मग मी खरे बोलतो की खोटे? मला अजून कळलेले नाही. मला फार वाईट वाटले.

बाईंनी आकडा खोडला आणि कागदभर लिहिले. कानांना औषध, समोर येऊन बोलणे, चुलीपाशी एकटी न सोडणे, दिवसा कोणीतरी सोबत.

"म्हंजी पुन्याला न्हाई?"

"नाही. पण सोबत हवी."

"रानात न्हेतो की संगं," गोरक्षनाथ म्हणाला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसले.

आवरताना ठोकळे नऊच भरले. अर्धचंद्र रंगुबाईच्या ओटीत होता. बघायला आलेली माणसे जाताना ओटीत काहीतरी घालतात, एवढे तिला पक्के ठाऊक होते. बाईंनी तो मागितला नाही.

तेव्हापासून माझ्यात पुरे दहा कोणालाच मिळाले नाहीत. पुढे नवा पाट आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. मित्रांनो, माझ्यासारख्यावर विसंबू नका. माणसाला मोजण्याआधी त्याच्या समोर बसा, तुमचे तोंड त्याला दिसू द्या.

मी कामात होतो तोवर तपासणीला आलेली मुले त्या रिकाम्या खाचेत बोट घालून विचारत, "बाई, चंद्र हरवला?"

"हरवला नाही," सरोजिनीबाई म्हणत. "काष्टीला आहे, आपल्या घरी."