आतले झाड

मित्रांनो, मी एक जुना वृक्ष आहे. माझे नाव काय, हा प्रश्न बरीच वर्षे कोणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

पक्ष्याच्या विष्ठेतून माझे बी एका आंब्याच्या बेचक्यात पडले. तिथल्या मूठभर मातीत मी रुजलो. माझे पहिले मूळ दोऱ्याएवढे होते. ते आंब्याच्या खोडावरून उतरत उतरत जमिनीला लागले. मग आणखी मुळे आली. ती एकमेकांना भेटली आणि भेटली तिथे जुळून एक झाली. आंबा मध्ये राहिला. माझे त्याच्याशी वैर नव्हते. मी फक्त जाड होत गेलो. शेवटच्या वर्षी त्याला मोहराचा एकच तुरा आला, तोही माझ्या पानांआड. त्यानंतर आत काही हलले नाही. बाहेर लोक माझ्या सावलीत बसत आणि म्हणत, "काय भरदार झाड आहे!"

पुढे घर विकले गेले. खरेदीखतात लिहिले होते, 'अंगणात आंब्याचे एक झाड.' नव्या मालकांना लेकीसाठी खोली बांधायची होती. माझ्या बुंध्याला लागून, मोठ्या फांदीखाली. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. झाड पक्के आहे ना, हे पाहायला त्यांनी बहिणीला बोलावले. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

तिने एक पान तोडले. देठातून पांढरा चीक आला. पान चुरगाळून हुंगले, छातीच्या उंचीवर फीत लावून घेर मोजला आणि ती हसली.

"दादा, आंबा म्हणून तुझ्या गळ्यात वडाच्या जातीचं नांद्रुक मारलंय. बस आता आंब्यांची वाट बघत!"

"म्हणजे कागद खोटा?"

"कागद चुकला. झाड ठणठणीत आहे. बांध खुशाल."

मित्रांनो, पाने माझी होती, चीकही माझाच होता. तिने पाहिले ते सारे खरे होते. कागदही खरा होता. पण मला ओरडता येत नाही.

मुलगी माझ्या मागच्या बाजूला होती. तिथे दोन मुळांमध्ये एक फट आहे. तिने तीत कोपरापर्यंत हात घातला.

"आत्या, आत अजून एक झाड आहे."

"हो का? भाडं देतं का ते?" वडील म्हणाले.

"बाबा, चेष्टा नको ना. खरखरीत आहे. आणि हात लावला की भुगा होतोय."

आत्याचे हसू मावळले. तिने फटीत टॉर्च धरला. माझ्या मुळांना चिकटून आंब्याच्या सालीच्या खपल्या उभ्या होत्या. त्यांच्यामागे नुसता काळोख होता. हातोडीच्या दांड्याने बुंधा ठोकत तिने पुरी फेरी मारली. मोठ्या फांदीखाली रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"दादा, गवंड्याला नको म्हणून सांग. चूक माझी आहे. मी फक्त पानं बघितली. ही फांदी भुग्यावर टेकलीय."

"मग आंबा?"

"इथेच होता. यानं गिळला."

फांदी उतरवली गेली. खोली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला झाली. मुलगी वाचली.

मित्रांनो, झाडाला नाव देण्याआधी त्याच्याभोवती पुरी फेरी मारा. त्याच्या बेचक्यात परके रोप दिसले, तर ते दोऱ्याएवढे असतानाच काढा. माझ्या वेळी कोणी वर पाहिलेच नाही.

मुलगी शाळेतून आली की रोज फटीत हात घालून बसते. आतल्याला एकटे वाटू नये म्हणून, असे ती सांगते. पूर्वी तिचा हात कोपरापर्यंत जाई. आता तो मनगटावर अडतो. घरच्यांना वाटते, पोर वाढते आहे. ती वाढतेच आहे, पण मीही वाढतो आहे. काल तिला हात बाहेर काढायला थोडा वेळ लागला.

तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर तिला सांगा, तिथे इतका वेळ बसू नकोस. मला थांबता येत नाही.